विल्यम वायलरला स्वतःची शैली होती का? एका संकलकाचं उत्तर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. तुम्ही एका दैनंदिन मालिकेत सहायक दिग्दर्शक आहात. विल्यम वायलरचे ‘रोमन हॉलिडे’, ‘बेन-हर’ आणि ‘द बेस्ट इयर्स ऑफ अवर लाइव्हज’ तुम्ही लागोपाठ पाहिलेत आणि हे तिन्ही एकाच माणसाचे असतील असं तुम्हाला वाटेना. हिचकॉक किंवा जॉन फोर्ड दोन मिनिटांत ओळखू येतो, वायलर येत नाही. ऑस्कर त्याला ढिगाने मिळाले, पण समीक्षकांनी त्याला नुसता कुशल कारागीर म्हटलं, असंही तुम्ही वाचलंय. मग त्याच्याकडून शिकायचं काय, आणि सुरुवात कुठल्या चित्रपटापासून करायची?

मी बरीच वर्षं संकलन करते आहे, आधी मालिका आणि आता जास्त करून चित्रपट. त्यामुळे माझं उत्तर एडिट टेबलावरून दिसणारं आहे. एखादा कॅमेरामन किंवा नट याच प्रश्नाचं उत्तर वेगळं देईल आणि तेही बरोबर असेल. पण वायलर मला कळला तो इथूनच, आणि मला तो फार मोठा दिग्दर्शक वाटतो.

तुमच्या प्रश्नात दोन प्रश्न एकमेकांत अडकलेत. पहिला वायलरचा आहे: त्याला शैली होती की नव्हती. दुसरा तुमचा आहे: ज्याचं काम चटकन नजरेत भरत नाही, त्याला दिग्दर्शक म्हणायचं का. तुम्ही रोज दुसऱ्याने लिहिलेल्या सीनवर, दुसऱ्याने ठरवलेल्या वेळात काम करता, म्हणून हा दुसरा प्रश्न तुम्हाला जास्त टोचत असणार. पहिल्याचं उत्तर नीट दिलं की दुसऱ्याचं आपोआप मिळेल.

आधी त्या टीकेबद्दल. अमेरिकन समीक्षक अँड्र्यू सॅरिस यांनी 1968 साली हॉलिवूडच्या दिग्दर्शकांची प्रतवारी केली आणि वायलरला ‘दिसतो तेवढा मोठा नाही’ अशा अर्थाच्या गटात टाकलं. ज्याचा ठसा प्रत्येक चित्रपटावर सारखा उमटतो तो श्रेष्ठ, असा त्या विचारसरणीचा निकष होता. पण त्याच्या वीस वर्षं आधी, 1948 साली, फ्रान्समध्ये समीक्षक आंद्रे बाझाँ यांनी वायलरवर एक मोठा निबंध लिहिला होता आणि त्याच्या दृश्यरचनेची बारकाईने उकल केली होती. त्याच साली त्यांच्या वर्तुळातल्या रॉजे लीनहार्ट यांनी ‘फोर्ड मुर्दाबाद, वायलर झिंदाबाद’ अशी घोषणाच दिली. म्हणजे शैली नाही हा शिक्का नंतर बसला. त्याआधी जाणकार त्याच्याकडे शैलीसाठीच बघत होते. तुम्ही दोन्ही बाजू वाचाच, पण वाचण्याआधी त्याचं आयुष्य थोडं समजून घ्या. काम करायची त्याची पद्धत तिथूनच घडली आहे.

वायलरचा जन्म 1 जुलै 1902 रोजी अल्सेस प्रांतातल्या म्युलूझ इथे झाला. तेव्हा ते गाव जर्मन साम्राज्यात होतं, पहिल्या महायुद्धानंतर फ्रान्सकडे आलं. कुटुंब ज्यू. वडील मूळचे स्विस, त्यांचं कपड्यांचं दुकान होतं आणि मुलाने तेच चालवावं अशी त्यांची इच्छा होती. त्यासाठी त्याला पॅरिसला पाठवलं, तिथे त्याने शर्ट आणि टाय विकले. मन अर्थातच रमलं नाही. त्याच्या आईच्या नात्यात कार्ल लेम्ली होते, युनिव्हर्सल स्टुडिओचे संस्थापक. ते युरोपात आले की नात्यागोत्यातल्या होतकरू मुलांना अमेरिकेत कामाला घेऊन जायचे. वायलर तसाच 1920 च्या सुमाराला न्यूयॉर्कला गेला आणि पुढे लॉस एंजेलिसला. वशिल्याने दार उघडलं खरं, पण आत गेल्यावर झाडलोटीपासून पडेल ते काम केलं. 1925 च्या मूक ‘बेन-हर’मध्ये रथांच्या शर्यतीच्या वेळी गर्दी सांभाळणाऱ्या सहायकांच्या फौजेत तो एक होता. चौतीस वर्षांनी तोच विषय तो स्वतः दिग्दर्शित करणार होता.

1925 सालीच युनिव्हर्सलने त्याला दिग्दर्शक केलं. काम कुठलं, तर दोन रिळांचे वेस्टर्न चित्रपट. म्हणजे वीसेक मिनिटांची गोष्ट, ठरलेला नायक, ठरलेला खलनायक, शेवटी पाठलाग, आणि सगळं काही दिवसांत उरकायचं. असे कितीतरी त्याने केले. घोड्यावर चढण्या-उतरण्याची नवी तऱ्हा कुठली शोधावी या विचारात रात्री झोप लागायची नाही, असं तो नंतर सांगायचा. तुमच्या मालिकेच्या कामाला हलकं समजू नका असं मी म्हणते ते यासाठी. रोज तेच ते करायला मिळतं, तेव्हा माणूस दारातून आत कसा येतो, खोलीत कुठे थांबतो, वळून कधी बघतो, या गोष्टींवर हात बसतो. वायलरचा तिथेच बसला. बोलपट आल्यावर 1929 मध्ये ‘हेल्स हीरोज’ त्याने खऱ्या वाळवंटात नेऊन चित्रित केला. तेव्हा आवाज येऊ नये म्हणून कॅमेरा जाड पेटीत बंद करावा लागायचा. बहुतेक दिग्दर्शक स्टुडिओच्या चार भिंतींत अडकलेले असताना हा ती पेटी उन्हात, वाळूत ढकलायला लावत होता.

1933 चा ‘काउन्सेलर ॲट लॉ’ मिळाला तर जरूर पाहा. नाटकावरून घेतलेला चित्रपट, सगळी गोष्ट एका वकिलाच्या कचेरीत घडते. नाटकाचा सिनेमा करताना लोक प्रसंग रस्त्यावर, बागेत, मोटारीत नेतात. वायलर कचेरीबाहेर पडत नाही. दारं, टेलिफोन, स्वागतकक्षातली बाकडी, ये-जा करणारी माणसं यांतूनच त्याने वेग काढलाय. नाटकाच्या जागेला घाबरायचं नाही, तिचा उपयोग करायचा, हे पुढे त्याने वारंवार केलं.

1936 पासून तो निर्माता सॅम्युअल गोल्डविनकडे आला. दोघांची भांडणं प्रसिद्ध आहेत. संहिता नाकारली म्हणून गोल्डविन त्याला बिनपगारी घरी बसवायचा. पण गोल्डविनला चांगली नाटकं आणि कादंबऱ्या विकत घ्यायची हौस होती आणि खर्चाला तो कचरत नव्हता. इथेच वायलरला कॅमेरामन ग्रेग टोलंड भेटला. ‘दीज थ्री’, ‘डेड एंड’, ‘वुदरिंग हाइट्स’, ‘द वेस्टर्नर’, ‘द लिटल फॉक्सेस’ आणि ‘द बेस्ट इयर्स’ हे सगळे या जोडीचे. टोलंडची खासियत म्हणजे डीप फोकस: कॅमेऱ्याजवळचा माणूस आणि खोलीच्या टोकाचा माणूस दोघेही एकाच वेळी लख्ख दिसतात. 1941 चा ‘सिटिझन केन’ही त्यानेच चित्रित केला.

आता एडिट टेबलावर येते. आपण साधारण सीन कसा शूट करतो? आधी मास्टर, म्हणजे सगळा सीन एका रुंद शॉटमध्ये, मग एकाचा क्लोजअप, मग दुसऱ्याचा, मग खांद्यावरून. एडिटला तो सीन पुन्हा जुळवला जातो. कोण कधी दिसणार हे मी ठरवते आणि प्रेक्षक मी दाखवीन तिकडे बघतो. डीप फोकसमध्ये दोन किंवा तीन माणसं एकाच फ्रेममध्ये असतात, सगळी स्पष्ट, आणि कुणाकडे बघायचं ते प्रेक्षकाची नजर ठरवते. कट नजर करते, मी नाही. ऐकायला सोपं वाटतं, पण असा शॉट उभा करायचा तर दिग्दर्शकाला शूटिंगच्या आधीच कळलेलं असावं लागतं की या प्रसंगात महत्त्वाचं काय आहे, कुणाला काय माहीत आहे, आणि म्हणून कोण कुठे उभा राहील. नंतर सुधारायची सोय फार कमी उरते. वायलरची शैली मला इथे दिसते, माणसं उभी करण्यात. ती लेन्समध्ये किंवा प्रकाशयोजनेत शोधायला गेलात तर सापडणार नाही.

‘द लिटल फॉक्सेस’मधला एक प्रसंग मी विद्यार्थ्यांना नेहमी दाखवते. रेजिना, म्हणजे बेटी डेव्हिस, आणि तिचा हृदयविकाराने आजारी नवरा होरेस यांचं कडाक्याचं बोलणं होतं. त्याला झटका येतो. औषधाची बाटली हातातून पडून फुटते. दुसरी वरच्या मजल्यावर आहे. तो तिला विनवतो आणि ती जागची हलत नाही. मग तो स्वतः उठतो, तिच्या मागून धडपडत जिन्याकडे जातो. कॅमेरा काय करतो? तिथेच राहतो, तिच्या चेहऱ्यावर. मागे तो पायऱ्या चढतोय, कोसळतोय, आणि ते अस्पष्ट दिसतं. खोलीभर लख्ख फोकस ठेवणारा टोलंड हाताशी असताना वायलरने मागची सगळी हालचाल धूसर ठेवली.

का? एका माणसाचा जीव जातोय ती मागची घटना आहे. पण प्रसंग आहे तो हिच्या न हलण्याचा. जिन्यावर कट केला असता तर आपल्याला होरेसची दया आली असती आणि तिथेच मोकळे झालो असतो. धूसर ठेवल्यामुळे आपण मान उंच करून मागे बघायला धडपडतो आणि समोरचा दगडासारखा चेहरा आपल्याला बघू देत नाही. होरेसचं काम करणाऱ्या हर्बर्ट मार्शलचा एक पाय पहिल्या महायुद्धात गेला होता, त्यामुळे जिना चढायला बदली माणूस वापरला गेला आणि मागची धूसर प्रतिमा त्या अडचणीवरही उपयोगी पडली. अडचण आणि अर्थ असे एकाच उपायात बसतात तेव्हा दिग्दर्शक किती पाण्यात आहे ते कळतं.

टेकबद्दल तुम्ही ऐकलं असेलच. वायलर एकेका शॉटचे डझनावारी टेक घ्यायचा आणि नटाला फारसं काही सांगायचा नाही. ‘पुन्हा’, फार तर ‘अजून चांगलं’. ‘जेझेबेल’मध्ये बेटी डेव्हिस घोड्यावरून उतरते आणि हातातल्या छडीने घागऱ्याचा घोळ उचलून घरात शिरते. एवढ्याशा हालचालीचे त्याने इतके टेक घेतले की ती वैतागली. मग त्याने तिला रशेस, म्हणजे चित्रित झालेलं कच्चं फुटेज, बघायला लावले आणि टेकागणिक काय बदलत गेलं ते तिला स्वतःला दिसलं. त्या भूमिकेसाठी तिला ऑस्कर मिळाला. ‘वुदरिंग हाइट्स’च्या वेळी लॉरेन्स ऑलिव्हिए सिनेमाला रंगभूमीपेक्षा खालचा मानत होता आणि वायलरशी त्याचे खटके उडायचे. नंतर मात्र सिनेमातला अभिनय मला वायलरने शिकवला, असं त्याने मोकळेपणाने सांगितलं. नटांसाठी इतके ऑस्कर दुसऱ्या कुठल्याही दिग्दर्शकाच्या चित्रपटांनी मिळवले नाहीत. वायलरला स्वतःला दिग्दर्शनाची 12 नामांकनं मिळाली, तो विक्रम आजही त्याच्या नावावर आहे, आणि त्यांतली 3 त्याने जिंकली.

मी रशेस बघते तेव्हा मला या टेकांचा अर्थ लागतो. पहिल्या तीन-चार टेकमध्ये नट घरून ठरवून आणलेलं करतो. मग ते संपतं आणि तो चिडतो किंवा थकतो. त्यानंतर कधीतरी असा एक टेक येतो की त्यात तो काहीच दाखवायला जात नाही. ज्या शॉटमध्ये कट नाही, तिथे खोटा क्षण झाकायला मला जागाच नसते, म्हणून वायलरला तो टेक हवाच असायचा. म्हणजे लांब शॉट आणि भरपूर टेक या दोन वेगळ्या सवयी नव्हत्या. एकीमुळे दुसरी आली. मात्र बोलायचंच नाही ही त्याची रीत तुम्ही उचलू नका. ती त्याला चालली, कारण त्याच्या मागे गोल्डविनचा पैसा होता आणि पुढे त्याचं नाव होतं. नवख्या दिग्दर्शकाने नुसतं ‘पुन्हा’ म्हटलं तर नटाला वाटतं की याला स्वतःलाच काय हवंय ते माहीत नाही. आणि वायलरलाही याची किंमत मोजावी लागली. ‘द लिटल फॉक्सेस’च्या सेटवरून डेव्हिस काही दिवस निघून गेली होती, आणि त्यानंतर दोघांनी पुन्हा एकत्र काम केलं नाही.

मग युद्ध आलं. ‘मिसेस मिनिव्हर’ करून वायलर अमेरिकी हवाई दलात गेला. त्या चित्रपटासाठी त्याला दिग्दर्शनाचा पहिला ऑस्कर मिळाला तेव्हा तो परदेशात होता आणि पुरस्कार त्याच्या पत्नीने स्वीकारला. इंग्लंडमधल्या तळावरून तो बॉम्बफेकी विमानांतून प्रत्यक्ष मोहिमांवर गेला, 16 मिलिमीटरच्या रंगीत फिल्मवर चित्रण केलं आणि त्यातून 1944 चा ‘द मेम्फिस बेल’ हा माहितीपट झाला. त्याच्या पथकातला हॅरॉल्ड टॅनेनबॉम हा सहकारी विमान पाडलं गेल्यामुळे मारला गेला. 1945 मध्ये इटलीत चित्रण करताना एका उड्डाणानंतर वायलरला ऐकू येईनासं झालं. एका कानाला थोडं परत आलं, दुसरा कायमचा गेला. वय 42. ज्याचं सगळं काम नटाच्या आवाजातला बारीक फरक ओळखण्यावर उभं, त्याला आपलं आयुष्य इथेच संपलं असं वाटलं तर नवल काय? मग तो सेटवर ध्वनियंत्रणेला जोडलेला हेडफोन लावून काम करायला लागला.

‘द बेस्ट इयर्स ऑफ अवर लाइव्हज’ हा त्यानंतरचा, 1946 चा चित्रपट. युद्धावरून एकाच गावात परतणाऱ्या तिघांची गोष्ट: बँकवाला अल, विमानातून बॉम्ब टाकणारा फ्रेड, आणि दोन्ही हात गमावलेला खलाशी होमर. होमरच्या भूमिकेत हॅरॉल्ड रसेल आहे. तो नट नव्हता. लष्करात प्रशिक्षण देताना झालेल्या स्फोटात त्याचे दोन्ही हात गेले होते आणि लष्कराच्या एका माहितीपटात वायलरने त्याला पाहिलं होतं. गोल्डविनने त्याला अभिनयाच्या शिकवणीला पाठवलं, ते कळल्यावर वायलर संतापला. त्याला रसेल जसा आहे तसाच हवा होता. नट-नट्यांना त्याने दुकानात जाऊन तयार कपडे विकत घ्यायला आणि ते आधीपासून अंगावर वापरायला सांगितलं. खोल्यांचे सेट घरांच्या खोल्यांएवढेच बांधले, एरवी ते मोठे असायचे.

अल घरी येतो तो प्रसंग बघा. मुलांना तोंडावर बोट ठेवून गप्प करतो. आतून बायको विचारते, कोण आलंय? उत्तर येत नाही. ती काम करता करता थबकते आणि तिला कळतं. मग लांब बोळाच्या एका टोकाला ती आणि दुसऱ्या टोकाला तो. वायलर स्वतः युद्धातून परतला तेव्हा हॉटेलच्या बोळात पत्नीला असाच भेटला होता. तो बोळ लांब आहे म्हणून त्या भेटीत युद्धाची सगळी वर्षं मावतात. क्लोजअपवर क्लोजअप लावले असते तर मला तिथे संगीत चढवण्यावाचून काही करता आलं नसतं.

आणि बारमधला तो प्रसिद्ध प्रसंग. अलने फ्रेडला बजावलंय की माझ्या मुलीला भेटायचं थांबव, आणि फ्रेड तिला तसं कळवायला टेलिफोनच्या बूथमध्ये गेलाय. तेवढ्यात होमर अलला पियानोजवळ बोलावतो. हातांच्या जागी बसवलेल्या धातूच्या आकड्यांनी तो बारच्या मालकाबरोबर पियानो वाजवून दाखवतो. फ्रेममध्ये पुढे पियानो, बाजूला अल, आणि खोलीच्या पार टोकाला बूथमध्ये इवलासा फ्रेड. नाट्य सगळं मागे घडतंय, कौतुक सगळं पुढे चाललंय. अल मध्येच बूथकडे बघतो ते थोडं जवळून दाखवलंय, बाकी कॅमेरा स्थिर. फ्रेड फोनवर काय बोलतो ते आपल्याला ऐकू येत नाही. मी हा प्रसंग कित्येकदा पाहिलाय, आणि दर वेळी माझी नजर त्या आकड्यांवरून बूथकडे आणि बूथवरून अलच्या चेहऱ्याकडे जाते. ज्या संकलकाने इथे हात आवरला तो डॅनियल मँडेल. या चित्रपटासाठी त्याला ऑस्कर मिळाला, आणि माझ्या मते त्यातला मोठा वाटा न केलेल्या कटांचा आहे.

इथपर्यंतचं थोडक्यात सांगायचं तर: वायलरची ओळख माणसांमधल्या अंतरात आहे. जिना, दार, बोळ, खोलीचं दूरचं टोक यांवर तो पात्रं ठेवतो आणि शक्य तेवढा वेळ ती एका फ्रेममध्ये राहू देतो. गोष्ट बदलली की प्रकाश, वेग, देश, काळ सगळं बदलतं, म्हणून तीन चित्रपट तीन माणसांचे वाटतात.

यावर तुम्ही म्हणाल की हे श्रेय टोलंडचं असेल. रास्त शंका आहे. पण टोलंड 1948 मध्ये, ऐन उमेदीत वारला, आणि 1949 चा ‘द हेअरेस’ वायलरने दुसऱ्या कॅमेरामनबरोबर केला. त्यात प्रियकराबरोबर पळून जायला निघालेली कॅथरीन रात्रभर त्याची वाट बघते. तो येत नाही, आणि ती बॅग घेऊन पुन्हा जिना चढते. कॅथरीनचं काम करणाऱ्या ऑलिव्हिया डी हॅव्हिलंडचे टेकवर टेक झाले तरी वायलरचं समाधान होईना. मग त्याला कळलं की बॅग रिकामी आहे. ती पुस्तकांनी भरायला लावली आणि शॉट झाला. ओझ्याचा अभिनय नको, ओझं हवं. त्याच जिन्यावरून शेवटी ती हातात दिवा घेऊन वर जाते, आणि परतलेला प्रियकर बाहेरून दार ठोठावत राहतो. टोलंड नव्हता, पण जिना होता, दार होतं, अंतर होतं.

आता याच नजरेने ‘रोमन हॉलिडे’ पुन्हा बघा. 1953 चा हा चित्रपट स्टुडिओत रोम उभारून करता आला असता, पण वायलर खऱ्या रोममध्ये करण्यावर अडून बसला. ऑड्री हेपबर्नची स्क्रीन टेस्ट इंग्लंडमध्ये झाली तेव्हा त्याने आधीच सांगून ठेवलं होतं की ‘कट’ म्हटल्यावरही कॅमेरा चालू ठेवा. सीन संपला असं समजून ती मोकळेपणाने बोलायला लागली आणि त्या फुटेजने तिला भूमिका मिळाली. संकलक म्हणून मी सगळ्यांना विनवते की कट म्हणायची घाई करू नका, ते यासाठीच. आणि शेवटचा प्रसंग: राजकन्या, म्हणजे हेपबर्न, पत्रकारांच्या रांगेत एकेकाशी हात मिळवत जाते आणि जिच्यावर तिचा जीव जडलाय त्या जो नावाच्या पत्रकारापाशीही तेवढंच थांबते, जेवढं बाकीच्यांपाशी. दोघांचं सगळं बोलणं त्या औपचारिक वाक्यांच्या आत चाललंय. मग दालन रिकामं होतं आणि हा पत्रकार एकटा ते लांबच लांब अंतर चालत येतो. पुन्हा अंतरच.

या चित्रपटाची कथा डाल्टन ट्रंबोची होती, पण तो कम्युनिस्ट असल्याच्या संशयाच्या काळ्या यादीत होता, म्हणून नाव दुसऱ्याचं लागलं. वायलर त्या छळाच्या विरोधात 1947 साली उघडपणे उभा राहिला होता. जॉन ह्यूस्टन आणि फिलिप डन यांच्याबरोबर त्याने अभिव्यक्तिस्वातंत्र्यासाठी समिती काढली. हॉलिवूडमध्ये तेव्हा असं करणं धोक्याचं होतं, म्हणून हे मुद्दाम नोंदवते.

‘बेन-हर’वर मी फार वेळ घालवणार नाही. 11 ऑस्कर, अवाढव्य पसारा, आणि रथांची शर्यत तर बहुतांशी अँड्र्यू मार्टन आणि याकिमा कॅनट यांच्या दुसऱ्या युनिटने चित्रित केलेली. वायलर हवा असेल तर ज्यूडा आणि मेसाला यांची पहिली भेट बघा, दोन जिवलग मित्र एका संभाषणात शत्रू कसे होतात ते. त्यानंतरच्या काळातला ‘द कलेक्टर’ मला जास्त आवडतो. 1968 च्या ‘फनी गर्ल’मध्ये त्याने बार्ब्रा स्ट्रायसँडला पहिल्यांदा पडद्यावर आणलं, 1970 मध्ये शेवटचा चित्रपट केला, आणि 27 जुलै 1981 रोजी तो गेला.

आता तुमच्यासाठी. यातलं किती वापरता येईल हे तुमच्या परिस्थितीवर आहे. मालिकेत दिवसाला जेवढं फुटेज काढायचं असतं त्यात दहा टेक परवडणार नाहीत. दोन-तीन कॅमेरे एकदम चालतात, वाहिनीला चेहरे जवळून हवे असतात, आणि निम्मे प्रेक्षक मोबाइलवर बघतात. तिथे खोलीच्या टोकाचा माणूस दिसतच नाही, म्हणून वायलरची फ्रेम जशीच्या तशी उचलून चालणार नाही. वेब मालिका किंवा स्वतःचा लघुपट असेल तर बरीच मोकळीक मिळेल.

पण दोन गोष्टी कुठेही करता येतात. एक, रोजच्या कामातला एकच सीन निवडा आणि शूटिंगच्या आदल्या रात्री कागदावर लिहा: या क्षणी कुणाला काय माहीत आहे आणि कोण काय लपवतंय. मग माणसं त्याप्रमाणे उभी करा. ज्याला लपवायचंय त्याची पाठ कुणाकडे असेल? ज्याला निघून जायचंय तो दारापासून किती लांब असेल? एवढं ठरलं की कॅमेरा कुठे ठेवायचा ते बहुतेक वेळा आपोआप सुटतं. दुसरं, त्या सीनमध्ये एक चेहरा न दाखवण्याचा निर्णय घ्या. आपल्याकडे बातमी फुटली की खोलीतल्या प्रत्येकाच्या रिॲक्शनवर जायची पद्धत आहे. त्यातली एक वगळा, आणि कुठली वगळली आणि का, हे तुमच्या संकलकाला सांगा. मला असं कुणी सांगितलं की त्या सीनवर मी जास्त मन लावून बसते.

पाहण्याचा क्रम विचारलात, तर ‘द लिटल फॉक्सेस’पासून सुरुवात करा, मग ‘द हेअरेस’, मग ‘द बेस्ट इयर्स’ पुन्हा, आणि त्यानंतर ‘रोमन हॉलिडे’ पुन्हा. ‘काउन्सेलर ॲट लॉ’ आणि 1936 चा ‘डॉड्सवर्थ’ मिळतील तेव्हा मध्ये घाला. प्रत्येक चित्रपट आधी सलग बघा. दुसऱ्यांदा बघताना मी सांगितलेल्या प्रसंगांचा आवाज बंद करा, आणि कट झाला की कागदावर रेघ मारा. रेघांच्या मध्ये कोण कुठून कुठे सरकलं तेही खुणेने काढा. नंतर तुमच्या मालिकेतला तसाच कौटुंबिक भांडणाचा एक सीन घेऊन हेच करा आणि दोन्ही कागद शेजारी ठेवा. ते करून झालं की मला कळवा, कुठला सीन घेतलात तेही सांगा, म्हणजे पुढचं त्यावरच बोलता येईल.